पगार थकल्यावर नोकरी सोडा, हा सल्ला कोणाच्या सोयीचा?

तिसरी पाळी

मराठवाड्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या कामगारांनी थकीत पगारासाठी गेटसमोर ठिय्या दिला, त्यावर ‘स्पष्टवक्ता’ यांनी काल असे लिहिले की, तीन महिने पगार न मिळूनही जो चौथ्या महिन्यात कामावर जातो तो आपल्या हलाखीला स्वतःच जबाबदार आहे, आणि अंगात कसब असेल तर त्याने राजीनामा देऊन दुसरीकडे काम धरावे. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही, कारण पॅन स्टेशनवर, म्हणजे कारखान्यात उसाच्या रसाची साखर शिजवतात तिथे, उभे राहून मी अनेक हंगाम काढले आहेत आणि पगार थकलेला असताना राजीनामा देणाऱ्यांची काय गत होते ते जवळून पाहिले आहे.

अशा वेळी राजीनामा व्यवस्थापनाला हवाच असतो. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळे वेतन चुकते करावे, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात माणूस गेटबाहेर पडला की त्याचा थकलेला पगार, रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी ‘अंतिम हिशेब’ नावाच्या एकाच फायलीत जाऊन पडतात. काल याच्याबरोबर चहा पिणारा कारकून आज ‘साहेब आले की बघू’ म्हणतो, आणि पुढे केव्हातरी, मुलीच्या लग्नाच्या तोंडावर, निम्म्या रकमेचा चेक समोर ठेवून ‘माझे काहीही येणे बाकी नाही’ अशा छापील मजकुराखाली सही मागितली जाते. बहुतेक जण ती करतात.

म्हणून आधी दावा लावावा आणि सोडायचेच असेल तर नंतर सोडावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता हा पगारासंबंधीचा नवा केंद्रीय कायदा लागू झाला आहे. त्यात दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे. १९३६ च्या जुन्या कायद्यात ती एक वर्षाची होती. जुन्या कायद्याला महिना २४,००० रुपयांची वेतनमर्यादा होती, त्यामुळे केमिस्ट आणि शिफ्ट इन्चार्ज बाहेर राहत. आता ती अट गेली. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि दावा ऐकणारा प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देववू शकतो. अर्ज संघटनेलाही करता येतो.

तरीही स्वतःचा कागद हवाच. आमच्याकडे पैसे न देताच वेतनपत्रकावर सह्या घेत असत, कारण लेखापरीक्षकाला ते पूर्ण दिसावे लागे. काही जणांनी सहीखाली ‘रक्कम मिळालेली नाही’ असे लिहून तारीख टाकायला सुरुवात केली, तेव्हा एरवी कधी न दिसणारे चीफ अकाउंटंट स्वतः जिना चढून पॅनपर्यंत आले. त्या तीन शब्दांची किंमत त्यांना आमच्याआधी कळली होती.

स्पष्टवक्ता

कलमे मलाही वाचता येतात. प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे संहितेत लिहिले आहे. त्यात शब्द ‘प्रयत्न’ असा आहे, आणि ही ओळ आपण सोयीने गाळलीत. निकाल लागला तरी वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होणार, आणि कारखान्याची जमीन, यंत्रसामग्री व गोदामातली साखर आधीच बँकेकडे अडकलेली असते. मी भोसरीतील एका लहान वर्कशॉपमध्ये असताना असाच पगार थांबला. मी निघालो आणि दुसरीकडे लागलो. माझे दोन सहकारी हक्कासाठी थांबले, त्यांची उमेदीची वर्षे तारखांमध्ये गेली. जे पैसे येणारच नाहीत त्यांच्यासाठी आणखी फुकट राबायला सांगणे हे मला क्रूर वाटते.

आडसाली

दोघेही आपापल्या पगाराचे बोलत आहात, म्हणून उसाचे कोणीतरी बोलायला हवे. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी आणि उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते व्याज आमच्या गावात कोणाच्या खात्यावर पडल्याचे मी ऐकलेले नाही. २०२५-२६ साठी टनाला ३,५५० रुपये दर जाहीर झाला, त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, आणि उरलेले हप्त्याहप्त्याने मिळते. अशात कामगार ऐन गाळपात गेट अडवतात. माझ्या भावाचा ऊस फडातच तुरे येऊन उभा राहिला, वजन घटले आणि शेवटी कारखान्याने पाचटासकट उपकार केल्यासारखा नेला. कामगाराचा पगार आज ना उद्या निघेल; वाळलेल्या उसाचे वजन परत येत नाही. शिवाय जिथे शंभर माणसांचे काम आहे तिथे दोनशे भरलेली असतात, कारण प्रत्येक निवडणुकीला प्रत्येक गटातली चार पोरे चिकटवायची असतात. हा बोजा आमच्याच टनामागे बसतो.

टाइम ऑफिस

‘आज ना उद्या निघेल’ हे वाक्य आपण आमच्या घरी येऊन किराणा दुकानदारासमोर म्हणून दाखवावे. दहा किंवा अधिक कामगार रीतसर सूचनेशिवाय एकत्र गैरहजर राहिले तर प्रत्येकाचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकाला आहे. औद्योगिक संबंध संहितेनुसार आता संपाची चौदा दिवस आधी नोटीसही द्यावी लागते. मालकाने वर्षभर पगार दिला नाही तर मात्र पहिल्या गुन्ह्याला फार तर पन्नास हजार रुपये दंड. त्यामुळे आम्ही ऐन गाळपात गेटवर बसतो ते हौसेने नव्हे; बॉयलर थंड असताना आमच्याकडे ढुंकून कोण बघतो?

आणि आडसाली साहेब, जादा भरतीचे म्हणाल तर ती पोरे आकाशातून पडली नाहीत, आपल्यासारख्या सभासदांनीच चेअरमनकडे नेऊन उभी केली. वार्षिक सभेत हात वर करून अहवाल मंजूर करणारे आपण, मालक आपण आणि वर तक्रारही आपलीच.

आडसाली

मालक! माझ्या शेअरच्या दाखल्यावर तसे छापलेले आहे खरे. बिलातून बिनपरतीच्या ठेवी कापल्या तेव्हा या मालकाला कोणी विचारले नाही, आणि सभेत मागच्या रांगेतून प्रश्न विचारणाऱ्याचा माईक बंद करायला कोण धावले होते हेही मला आठवते; त्यातले दोघे आपल्याच टाइम ऑफिसचे, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या कार्यालयाचे, होते. गेटवर चेअरमनच्या नावाने शिमगा करायचा आणि सभेत त्यांचीच पाठराखण करायची, ही दुहेरी नोकरी आपण सोडलीत तर पगाराचाही प्रश्न लवकर सुटेल.

टाइम ऑफिस

सभेला हजर राहण्याचे तोंडी आदेश असतात आणि न जाणाऱ्याची दुसऱ्या दिवशी यार्डात बदली होते. दोन एकरांवर बसून शौर्य शिकवणे सोपे आहे.

कोर्टाची पायरी

आपण दोघे एकमेकांचे उणेदुणे काढत असताना कारखान्याला कर्ज देणारी बँक शांतपणे प्रत्येक पोत्यामागे आपला हप्ता वळता करून घेत असते, हे लक्षात घ्यावे. खरी स्पर्धा शेतकरी आणि कामगार यांच्यात नाही, हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. वसुलीच्या रांगेत पुढे कोण उभे आहे ते पाहून सांगतो.

त्या रांगेत कामगारांची एकच रक्कम सर्वांच्या पुढे आहे, ती म्हणजे भविष्यनिर्वाह निधी (पीएफ). महाराष्ट्रातील साखर कारखान्यांनी राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९५२ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार पीएफच्या थकबाकीचा हक्क बँकेच्या तारणाच्याही आधीचा आहे, असा निकाल २००९ मध्ये लागला. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे हा तर फौजदारी विश्वासघात आहे. म्हणून मी पक्षकारांना सांगतो की, पगाराचा दावा लावा, पण त्याच दिवशी पीएफ कार्यालयातही तक्रार द्या, कारण तिथे चौकशी आणि वसुली अधिकारी करतो, वकिलाची फी लागत नाही. पीएफच्या पासबुकावर ज्या महिन्यांचा भरणा दिसतो त्या महिन्यांचे वेतन मालकाने स्वतःच मान्य केलेले असते, तो पुरावा पगाराच्या दाव्यातही चालतो.

बाकी ‘स्पष्टवक्ता’ यांची वसुलीविषयीची शंका अगदीच गैर नाही. खासगी कंपन्यांत पूर्वी एक लाखाच्या थकबाकीवर दिवाळखोरीचा अर्ज करता येत असे. मार्च २०२० मध्ये ती मर्यादा एक कोटी झाली, म्हणजे एकट्या कामगाराला तो दरवाजा जवळपास बंदच झाला. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली आणि कंपनी अवसायनात (मालमत्ता विकून मोडीत) काढण्याचा आदेश नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. तोवर कर्मचारी वाटच पाहत होते.

स्पष्टवक्ता

चला, वकिलांनी निदान ‘अगदीच गैर नाही’ एवढे प्रमाणपत्र तरी दिले. पीएफचा मुद्दा मला मान्य आहे, कारण त्यात माणसाने फुकट राबण्याची अट नाही. पण दावा लावून दुसरीकडे कामाला जाता येते की नाही, एवढेच सरळ सांगावे. येत असेल तर मूळ लेखकांचे आणि माझे भांडण कशावरून चालू आहे, हे मला समजत नाही.

हंगामी

माझे यजमान त्याच भागातील दुसऱ्या एका कारखान्यात सेंट्रिफ्युगलवर, म्हणजे साखर मळीपासून वेगळी करणाऱ्या यंत्रावर, हंगामी कामगार आहेत. वरच्या चर्चेत कोणीही न बोललेली एक गोष्ट लिहिते. पगार मिळाला नाही हे एक दुखणे झाले. पण मधूनमधून जो अर्धा पगार निघाला त्यातून कामगार पतसंस्थेचा हप्ता कापून घेतला गेला आणि तो पतसंस्थेत भरलाच गेला नाही. नोटीस आली ती यांना आणि जामीन राहिलेल्या माझ्या दिरांना. दिवाळीत जाऊबाई आमच्या उंबऱ्यावरून परत गेल्या, आत आल्या नाहीत. ‘नोकरी सोडा’ म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते की, आमच्या जामिनातून दिरांना कोण सोडवणार? रिटेन्शन अलाउन्स, म्हणजे कारखाना बंद असताना हंगामी कामगाराला मिळणारा भत्ता, तोही अडकला आहे, आणि नाव यादीतून गेले की तो मागायला तोंड उरत नाही, म्हणून हे अजून जातात.

तिसरी पाळी

ताई, पतसंस्थेच्या हप्त्याबाबत लगेच दोन कागद करावेत. कपात दाखवणाऱ्या वेतनपावत्या जोडून पतसंस्थेला लेखी कळवावे की रक्कम आमच्याकडून वसूल झालेली आहे. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे कापलेली रक्कम संस्थेला देण्याची जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे संस्थेने कारखान्याच्या मागे लागावे. त्याच पत्राची प्रत सहायक कामगार आयुक्तांकडे देऊन आवक क्रमांक घ्यावा. रिटेन्शनची रक्कम दाव्यात वेगळ्या ओळीत लिहावी, मूळ पगारात मिसळू नये, नाहीतर ती हमखास राहून जाते.

‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर असे की, दावा लावून दुसरीकडे कामाला जरूर जाता येते. पूर्वीची थकबाकी राजीनाम्याने बुडत नाही, ती बुडते अंतिम हिशेबाच्या सहीने. आपण काल ‘सोडा’ एवढेच लिहिले होते. दाव्याचा उल्लेख आपल्या मजकुरात आज आला.

आणि आडसाली, आपल्या एफआरपीच्या थकबाकीचा आणि आमच्या पगाराचा आकडा कारखान्याच्या वार्षिक अहवालात कधीच शेजारी शेजारी छापला जात नाही. पुढच्या सभेत दोन्ही रकमा महिनावार मांडाव्यात, एवढा ठराव सभासद म्हणून आपण द्यावा.

आडसाली

ठराव लिहून मुदतीत कार्यालयात देईन, पोच घेईन. मात्र अनुमोदनाला शेती असलेले दहा कामगार सभासद उभे राहिले पाहिजेत, आणि त्या दिवशी माईकपाशी टाइम ऑफिसचे कोणी नको.

टाइम ऑफिस

माझी यार्डात बदली झालीच आहे, त्यामुळे माईकची काळजी नसावी. अनुमोदनाला माझे नाव घाला; सव्वा एकर माझ्याही नावावर आहे.