पुढाऱ्यांची संपत्ती: लोकांना दिसावी की नको?

रिकामटेकडा:
परवा मित्राशी यावरून जाम वाजलं म्हणून इथे टाकतोय. त्याचं म्हणणं, पुढाऱ्याकडे किती पैसा आहे हा त्याचा खाजगी मामला, तू तुझं पासबुक चौकात लावतोस का. अरे पण मी टेंडर पास करत नाही ना! ज्याच्या एका सहीने दुसऱ्यांचे करोडो इकडचे तिकडे होतात त्याचा खिसा दिसायलाच हवा. फ्रान्सचा बजेटमंत्री जेरोम काउझाक बघा, करचुकव्यांना पकडायचं काम याच्याकडे आणि गुपचूप खातं स्वित्झर्लंडमध्ये. संसदेत साफ नाही म्हणाला, २०१३ ला कबूल केलं.

आडमुठा:
तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय की. जो संसदेत खोटं बोलला तो फॉर्मवर खरं लिहिणार होता? ते खातं पत्रकारांनी शोधलं. ज्याची नियत खोटी तो मेव्हण्याच्या, ड्रायव्हरच्या नावावर करून मोकळा, आणि सरळ माणसाच्या बायकोचे दागिने, घरावरचं कर्ज सगळं जगजाहीर. ओळखीतल्या एक बाई याच कारणाने निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत, नवऱ्याचा धंदा आहे, स्पर्धकांना आयती माहिती मिळाली असती.

काठावरचा:
भारतात २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर उमेदवाराला स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता प्रतिज्ञापत्रात द्यावीच लागते. प्रश्न आहे तपासतो कोण? रकाने भरलेत ना, झालं. खोटं निघालं तर जास्तीत जास्त सहा महिने किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि तेही कोणी केस लावून धरली तर. (२०२४ ला कोर्टाने म्हटलंय की कपडे, बूट, फर्निचर अशी प्रत्येक वस्तू लिहायची गरज नाही, चला, चपला तरी वाचल्या.)

रिकामटेकडा:
@आडमुठा, फॉर्म भरून घ्यायचा तो खरं कळेल म्हणून नाही हो, खोटं असेल तर ते सहीनिशी हातात यावं म्हणून. लाच सिद्ध करायला साक्षीदार लागतात, ते फुटतात, वर्षं जातात. पण कागदावर एक आणि बँकेत दुसरं, हे दाखवायला दोन कागद पुरतात. फिलिपिन्सचे सरन्यायाधीश रेनाटो कोरोना २०१२ मध्ये असेच गेले, डॉलरमधली खाती जाहीर केली नव्हती म्हणून. ते पुढारी नव्हते, मान्य, पण फॉर्म तोच. आणि पहिल्या निवडणुकीचा आकडा पाच वर्षांनंतरच्या आकड्याशेजारी ठेवला की पगाराच्या हिशोबात न बसणारी वाढ कोणालाही दिसते.

आडमुठा:
बरं, मग बघू दे तपास यंत्रणेला. सगळ्या गावाला कशाला? फ्रान्समध्येच खासदाराचं संपत्तीपत्र सरकारी कचेरीत जाऊन मतदाराने नुसतं वाचायचं, बाहेर छापलं तर ४५,००० युरोपर्यंत दंड. मला हे पटतं.

रिकामटेकडा:
यंत्रणा कोणाच्या हाताखाली असते ते आधी सांगा, मग पुढे बोलू.

काठावरचा:
इथे मात्र मी रिकामटेकड्याच्या बाजूने. फक्त बायकोच्या दागिन्यांचा आकडा पुरे, डिझाईन नको.