मदत हवी आहे: हाडात विरघळणारे स्क्रू कोणी टाकले का?

राजेहो, एक विचारायचं होतं. माझा भाचा, १३ वर्षांचा पोट्टा, बांधावरून सायकलसकट पडला अन् घोट्याचं हाड मोडलं. आम्ही दारव्ह्याकडचे, नागपूरले नेलं तं डॉक्टर म्हणे स्टीलचे दोन स्क्रू टाकू अन् वर्षभरानं काढू, म्हणजे पुन्हा ऑपरेशन, पुन्हा भूल, पुन्हा गाडीभाडं अन् तेही ऐन कापूस वेचणीत.

मंग मोबाईलवर शोधत बसलो तं कळलं का विरघळणारे पण असतात. एक पीएलएलए नावाच्या प्लास्टिकचे, अंगात त्याचं हळूहळू लॅक्टिक ॲसिड होते, पण पूर्ण जिरायले दोन-तीन वर्षं तरी लागतात. दुसरे मॅग्नेशियमचे, जर्मनीतल्या मॅग्नेझिक्स स्क्रूले २०१३ मध्ये युरोपात परवानगी भेटली. पण मॅग्नेशियम विरघळताना हायड्रोजन गॅस निघते, एक्सरेत स्क्रूभोवती काळं दिसते म्हणे. मले त्याचंच भेव वाटते, हाड जुळायच्या आधीच स्क्रू ढिला झाला तं?

आमचे आबा तं सरळ म्हणतात, गाडीच्या आसाले कोणी गुळाचा खिळा ठोकते का बे!

कोणाच्या लेकराले असे स्क्रू टाकले का? नागपूर-वर्ध्याकडे भेटतात का, खर्च किती आला, नंतर सूज आली का? पोट्ट्याचं हाड अजून वाढीचं आहे, त्याच्या हिशेबानं डॉक्टरले नेमकं काय विचारू? सध्या कच्चं प्लास्टर आहे, सोमवारी दाखवायले जाचं आहे, त्याच्या आधी सांगा ना भाऊ.