घरी स्विमिंग पूल बांधला तर पुढे दरवर्षी खरंच किती खर्च येतो?

सूसची_सून

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ सूसला आमच्या बंगल्याचं काम चालू आहे, प्लिंथ झालीये, आणि आता मधेच नवऱ्याच्या डोक्यात स्विमिंग पूल शिरलाय. मागच्या बाजूला जागा आहे तिथे २५ बाय १२ फूट, खोली साडेतीन ते साडेपाच. कॉन्ट्रॅक्टरने १४ लाखांचं कोटेशन दिलंय. मेंटेनन्स किती येईल विचारलं तर म्हणतो, मॅडम महिन्याला दोन-तीन हजार, काही विशेष नाही. आता दोन-तीन हजारात हल्ली बागेला धड माळी मिळत नाही, मग पूल कसा सांभाळला जाईल हे मला काही पटेना. गाव २०२१ मध्ये पालिकेत आलं खरं पण पाण्याची बोंब आहेच, बोअर एप्रिलमध्ये अर्धा तास चालला की हवा ओढायला लागतो. मुलं ११ आणि ७ वर्षांची. ज्यांच्या घरी प्रत्यक्ष पूल आहे त्यांनीच सांगा प्लीज, "लाइफस्टाइल" वगैरे नवरा रोज ऐकवतोच आहे.

पिरंगुटकर

ताई, माझ्याकडे ९ वर्षं आहे, जवळपास तुमच्याच मापाचा, त्यामुळे हिशेबच देतो.

आधी पाणी. तुमच्या मापाचा पूल म्हणजे साधारण ३८ हजार लिटर, दहा हजारी टँकर चार. ते एकदाच, म्हणून कोणी घाबरत नाही. पण एप्रिल-मेमध्ये रोज ६-८ मिलीमीटर पाणी नुसतं उडून जातं, दिसायला काहीच नाही पण तुमच्या पृष्ठभागावर ते दिवसाला दोनशे लिटरच्या घरात, महिन्याला सहा हजार. वर दर आठवड्याला फिल्टरचं बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुणं, त्यात चार-पाचशे लिटर गटारात. म्हणजे उन्हाळ्यात महिन्याला एक टँकर हमखास आणि तोही अशा वेळी जेव्हा शेजारी प्यायच्या पाण्याचा टँकर मागवत असतात, तेव्हा गेटवर जरा खाली बघूनच उभं राहावं लागतं.

वीज. दीड एचपीचा पंप उन्हाळ्यात आठ तास, थंडीत चार तास तरी चालवावाच लागतो, पोहा नाहीतर नका पोहू. आठ तासाला दिवसाचे ९-१० युनिट धरा. ते युनिट तुमच्या घरच्या एसी-फ्रीजच्या वर चढतात त्यामुळे सगळे महागातल्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात, हे कॉन्ट्रॅक्टर कधी सांगत नाही. मला वर्षाचे ४०-४२ हजार जास्तीचे पडतात. साफसफाईला मुलगा आठवड्यातून तीनदा येतो, महिन्याला साडेचार हजार. क्लोरीन, ॲसिड, टेस्ट किट मिळून महिन्याला अडीच हजार. टँकर वगैरे धरून काही बिघडलं नाही तर वर्षाला १ लाख ४० हजार.

आणि बिघडतंच. पंपाचं सील दोनदा गेलं, फिल्टरमधली वाळू एकदा बदलली, सातव्या वर्षी टाइल्स सुटायला लागल्या म्हणून वॉटरप्रूफिंगसकट सगळं नव्याने केलं, पावणेतीन लाख. नऊ वर्षांत पूल मी दोनदा बांधलाय असं बायको म्हणते आणि हिशेब काढला तर चुकीचं नाही.

एक प्रसंग सांगतो. एका जुलैत आमच्याकडे तीन दिवस लाइट नव्हती. पंप बंद, वरून मुळशीचा पाऊस, क्लोरीन पातळ होऊन गेलं, शेजारच्या आंब्याची पानं आत. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर पाणी पालकाच्या सूपसारखं, पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती आणि कडेला दोन बेडूक पाटलासारखे बसलेले. क्लोरीनचा डबा रिकामा केला, पंप दोन दिवस अखंड, शेवटी अर्धं पाणी काढूनच टाकलं. पाऊस नेमका तेव्हा उघडला, आणि भर जुलैत मी टँकरवाल्याला फोन करतोय. तो हसत होता.

पोहायचं म्हणाल तर मार्च ते जून मध्य. डिसेंबरात पाण्यात पाय घालून बघा, कळेल. मुलगी दहावीला गेल्यापासून पूल मी आणि बेडूक असे दोघंच वापरतो.

साइटवरचा_माणूस

सिव्हिलमध्ये आहे, पूलची कामं बघितली आहेत. पिरंगुटकर काका, पावसाळ्यात पूल रिकामा करताना जपून बरं का. जमिनीत पाणी भरलेलं असतं तेव्हा आत वजन नसेल तर खालून दाब येऊन तळाला तडे जातात, कधी अख्खं स्ट्रक्चर उचललं जातं. अर्ध्यावर थांबलात म्हणून वाचलात.

ताई, कोटेशनमध्ये नीट बघा की वॉटरप्रूफिंग कुठलं आहे, टाइल्सच्या फटी भरायचं ग्राउट साधं की इपॉक्सी, पंप रूम धरलीये का, आणि टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून आठवडाभर टेस्ट करणार का. ही टेस्ट गाळली की पुढे गळती शोधायला टाइल्स फोडाव्या लागतात. पुढे कधी पाणी जास्त उतरतंय असं वाटलं तर लगेच कुणाला बोलावू नका. एका बादलीत पूलचंच पाणी घ्यायचं, ती पहिल्या पायरीवर पाण्यात ठेवायची, बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या रेषेला मार्कर मारायचा, पंप बंद करून २४ तास थांबायचं. दोन्हीकडे सारखं उतरलं तर ऊन पितंय, बाहेर जास्त उतरलं तर गळतंय. मी हे सांगून लोकांचे बरेच पैसे वाचवलेत आणि त्या बदल्यात मला कुणी चहासुद्धा पाजलेला नाही.

दुसरं बोअरचं पाणी. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड निघतं, पाण्याच्या रेषेवर टाइल्सना पांढरा थर धरतो, ब्रशने निघत नाही, ॲसिड लागतं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल-अल्कली ते, ७.२ ते ७.६ मध्ये ठेवला तर थर कमी धरतो.

बाणेर_खजिनदार

आमच्या सोसायटीत १२० फ्लॅट मिळून एक पूल आहे आणि तरी दर एजीएमला त्याच्यावरून भांडण ठरलेलं, तुम्ही एकटं घर तो पोसणार? एक गोष्ट मात्र पैशापेक्षा महत्त्वाची म्हणून लिहितो. आमच्या सफाईवाल्याने एकदा ॲसिडच्या बादलीतच क्लोरीन पावडर ओतली, पिवळट धूर आला, तो पळाला म्हणून वाचला, पण घशाने दोन दिवस धरलं. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन गॅस होतो. क्लोरीनच्या टॅब्लेट आणि ती पावडर हेसुद्धा एकत्र करायचे नाहीत, पेट घेतं. घरात मुलं आहेत तर कुलपाची वेगळी खोली आणि पूलभोवती मुलांना न उघडणारं फाटक हा खर्च धराच.

आणि टॅब्लेट वर्षभर टाकत राहिलं की त्यातलं सायन्युरिक ॲसिड (क्लोरीन उन्हात टिकावं म्हणून असतं ते) पाण्यात साठतं, ते उडून जात नाही, मग क्लोरीन टाकूनही पाणी गढूळच. उपाय एकच, थोडं पाणी काढून नवीन भरणं. परत टँकर!

आमच्या वेळी शेतातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून ढकलून द्यायचे, मेंटेनन्स शून्य. मुलांना पोहायलाच शिकवायचं असेल तर डेक्कनला टिळक टँक आहे की.

कोथरूडची_मावशी

सगळे घाबरवतायत म्हणून लिहिते. आमच्या बहिणीकडे पानशेत रोडला आहे. तिचे गुडघे गेले होते, आता रोज सकाळी अर्धा तास पाण्यात चालते, थंडीतले दोन महिने सोडून. तिला विचाराल तर एक रुपया वाया गेला नाही म्हणेल. पण ती रोज वापरते हो, आणि पाणी नदीकाठच्या विहिरीचं. तुमच्या घरात कोण रोज उतरणार ते आधी ठरवा.

सूसची_सून

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काकांचा हिशेब मी रविवारी पोह्यांसोबत नवऱ्यासमोर ठेवला. आधी म्हणाला लोक वाढवून सांगतात. मग कॉन्ट्रॅक्टरला स्पीकरवर फोन लावून पंप रूम, इपॉक्सी ग्राउट आणि पाण्याच्या टेस्टचं विचारलं तर पलीकडून "सर ते एक्स्ट्रा" असं तीनदा आलं. मी काही बोलले नाही, फक्त चहा ठेवला. मावशींचा प्रश्न पण विचारला, रोज कोण उतरणार, तर मुलांकडे बोट दाखवलं आणि मोठीने सांगितलं की संध्याकाळी तिचं बॅडमिंटन असतं. आता कालपासून गडी मोबाइलवर छोटे प्लंज पूल बघतोय, १० बाय ८. त्याला किती पाणी लागतं हो?

पिरंगुटकर

चार फूट खोली धरली तर नऊ हजार लिटर. एक टँकर. पंप छोटा चालेल, पण पानं तेवढीच पडतात. जागेच्या वर झाड कुठलं आहे?

सूसची_सून

शेजाऱ्यांचा गुलमोहर 😐