गूळ आणि शुगर

साखर बंद करून चहात गूळ घालतोय तरी शुगर खाली येत नाही, असं विचारलंय ना, अहो कशी येणार, गुळातही बहुतेक सुक्रोजच (म्हणजे साखरच) असतं, थोडं लोह वगैरे मिळतं पण चमचाभर गुळात ते कितीसं असणार. आमच्या आईचंही हेच चाललं होतं. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं (५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी) तेव्हा हिशोब मांडला, दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे ३०-४० ग्रॅम साखर नुसत्या चहातूनच!! डब्ल्यूएचओ म्हणतं २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम.

आणि उपवास हा तर वेगळाच विनोद. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ च्या वर कार्ब्ज, प्रोटीन नावालाच, त्यात बटाटा. खिचडीतलं दाण्याचं कूट तेवढं जरा सावरून घेतं कारण फॅट आणि प्रोटीन असलं की पचन हळू होतं, शुगर एकदम उसळत नाही, पण कॅलरीज वाढतात त्या वाढतातच, त्यामुळे वजन कमी करायला उपवास करत असाल तर राहू द्या.

आईने भात सोडला नाही, सोडणारही नाही, फक्त आधी कोशिंबीर, उसळ आणि मग वाटीभर भात, जेवल्यावर १५ मिनिटं गच्चीवर फेऱ्या. ग्लुकोमीटरवर दोन तासांनी बघा, फरक दिसतो. गोळ्या चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच कार्ब्ज कमी करा, शुगर एकदम खाली जाऊ शकते.