कार्याच्या दिवशी अंतिम सोहळा बघितला तर बिघडलं काय?

भरदुपार

काल इथेच एक लेख आला होता. आजीचं सहस्रचंद्रदर्शन, नेमका नवरात्रातला रविवार, आणि जमलेल्या निम्म्या माणसांनी संध्याकाळी बिग बॉस मराठीचा अंतिम सोहळा लावला. आजी म्हणे एकटी पडली. लेखकाचं म्हणणं असं की कार्याच्या दिवशी टीव्ही बंदच हवा, फोन दारातच गोळा करावेत, आणि ज्यांना निकालाची एवढी ओढ आहे त्यांनी येऊच नये. खाली सगळे "अगदी मनातलं बोललात" म्हणून मोकळे. मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

आधी जरा कालनिर्णय उघडा. ते पाचवं पर्व २८ जुलै २०२४ ला सुरू झालं आणि ६ ऑक्टोबरला संपलं. मध्ये आख्खा श्रावण, राखी, गोकुळाष्टमी, ७ सप्टेंबरला गणपती, मागोमाग गौरी, मग पितृपक्ष, ३ ऑक्टोबरला घट बसले. ह्या सत्तर दिवसांत मराठी घरातला एक मोकळा आठवडा मला काढून दाखवा. आवडीचा कार्यक्रम बघणाऱ्याने काय करायचं? सत्तर दिवस जीव लावून बघायचं आणि शेवटच्या रात्री सोवळं पाळायचं?

दुसरं म्हणजे आमच्याकडे हा कार्यक्रम आजीच लावते. त्या वर्षी गौरीजेवणाला सवाष्णी जेवून उठल्या, विडे फिरत होते, आणि विषय सूरज चव्हाणवर आला. घरात नवी आलेली नातसून तोवर "हो आजी", "नको आजी" ह्यापलीकडे बोलत नव्हती. तिने आजीला तोंडावर सांगितलं की सूरजला मतं सहानुभूतीची पडताहेत, खेळतोय अभिजीत सावंत. आजीने हातातलं सुपारीचं खांड परत तबकात ठेवलं आणि म्हणाली, "आईबापाविना वाढलेलं पोर आहे ते, तू कधी उपाशी झोपली आहेस का?" पुढचा तासभर त्या दोघी भांडत होत्या. आज त्या घरात त्या दोघींचंच सगळ्यात जास्त पटतं.

त्या लेखातल्या आजीला कुणी विचारलं होतं का, "आजी, तुम्हाला बघायचंय का?" मला तरी लेखात तसं कुठे दिसलं नाही.

ओटीपडवी

साफ असहमत. कालचा लेख माझा नाही, पण त्यातलं अक्षर न् अक्षर पटलं.

दुसऱ्या पर्वाचा अंतिम सोहळा १ सप्टेंबर २०१९ ला होता. २ तारखेला गणपती. आमचं गाव सिंधुदुर्गात. आदल्या रात्री माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची सजावट, बांधायची असते: आंब्याचे टाळ, कवंडाळं, सुपारीचे घोस, नारळ, सगळं अंगणात येऊन पडलेलं. दरवर्षी ह्या कामाला सगळे चुलतभाऊ लागतात, त्यातच वर्षभराच्या गप्पा होतात. त्या रात्री सगळे आत. "शिव की नेहा, एवढं बघतो आणि येतो." वडील सत्तरीचे, शिडीवर. शिव ठाकरे जिंकला, आत जल्लोष झाला, अमरावतीच्या पोराने नाव काढलं म्हणून मलाही बरं वाटलं. पण वडिलांनी त्या जल्लोषाकडे मान वळवून बघितलं आणि काही न बोलता पुढची गाठ मारली. ते मला आजही सलतं.

निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. ती रात्र येत नाही.

सईची आई

टीव्ही लावा नाहीतर नका लावू. माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती कुणीच बोलत नाही. ह्या कार्यक्रमांमुळे घरच्या कार्यात लहान मुलांची परीक्षा घेण्याची सवय लागली आहे, ती आधी बंद करा.

सारेगमपचं लहान मुलांचं पर्व, लिटिल चॅम्प्स, गाजत होतं तेव्हा मी शाळेत होते. तुम्हाला आठवत असेल, सारेगमपमध्ये परीक्षक गुण सुरांत द्यायचे. कुणाला ध, कुणाला नी, आणि फारच रंगलं तर वरचा सा. मावसभावाच्या मुंजीत जेवणं झाल्यावर मला खुर्चीवर उभं केलं. "कार्तिकीसारखं म्हण बघू." मी म्हटलं. घसा कोरडा पडला होता, दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. एका मामांनी हात वर करून जाहीर केलं, "मी हिला म देतो!" आख्खी पंगत हसली. आईसुद्धा हसली. त्यानंतर मी चार माणसांत गायले नाही. आरतीतही ओठ हलवते फक्त.

आता माझी मुलगी पाच वर्षांची आहे. परवा बारशाला तीच माणसं, तोच सूर: "सई, तो रीलवाला नाच करून दाखव, मी तुला दहापैकी दहा देईन." ती माझ्या पदराआड गेली तर म्हणे, "बुजरी आहे हो, धीट करा तिला."

तंबोरा

मी गाणं शिकवतो म्हणून गप्प बसवत नाही.

मामांचा राग कार्यक्रमावर कशाला? २००८-०९ चं ते पर्व म्हणजे काय होतं ते विसरलात का? कार्तिकी आळंदीची, प्रथमेश रत्नागिरीकडचा, मुग्धा अलिबागची, रोहित लातूरचा, आर्या पुण्याची. ज्या गावांत मुलगा गातो म्हटलं की "अभ्यासाचं बघ" ऐकावं लागायचं, तिथे आईबाप मुलाचं बोट धरून क्लासच्या दारात उभे राहिले. अभंग, नाट्यगीत, भावगीत लहान मुलांच्या तोंडून घराघरांत गेलं. २०२१ मध्ये हेच पाच जण परीक्षकांच्या खुर्चीत बसले. आणि मुलांनी घरच्या कार्यात गायचं नाही तर कुठे गायचं? पहिला श्रोता घरचाच असतो. माझं पहिलं गाणं आजोबांच्या पंचाहत्तरीत झालं. बेसूर झालं होतं. पुढच्या कार्याला चांगलं झालं. भीती अशीच मोडते.

वऱ्हाडी ठेचा

शिवला अमरावतीचा म्हणून मतं पडली, सूरजला गरीब घरचा म्हणून पडली, हे दरवेळी ऐकतो. मग अभिजीत सावंत मार्च २००५ मध्ये इंडियन आयडॉल झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी मराठी म्हणूनच एसएमएस केले होते ना? तेव्हा प्रत्येक एसएमएसला जास्तीचे पैसे कापले जायचे, तरी वडिलांच्या नकळत त्यांच्या मोबाइलवरून केले. २०२४ ला अॅपवर मत फुकट. बारामतीकडच्या मोढव्याच्या पोरासाठी लोकांनी तेच केलं तर ती लगेच सहानुभूती? आजीला माझा नमस्कार सांगा.

फाईलबंद

तंबोरा, तुमचा मुद्दा भावनेला पटतो. आता नियम काय सांगतो तेही बघा. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणे टीव्ही कार्यक्रमात काम करणाऱ्या मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. आणि त्यातच एक कलम असं की मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घ्यायचं नाही. जून २०१९ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना वेगळी सूचनाही काढली होती, नाचाच्या कार्यक्रमांत मुलांकडून मोठ्यांचे अशोभनीय हावभाव करून घेऊ नका म्हणून.

नियम पाळले जातात की नाही हा वेगळा विषय. पण स्टुडिओतल्या मुलाची इच्छा निदान कागदावर तरी विचारात घेतलेली आहे. मंगल कार्यालयात खुर्चीवर उभ्या केलेल्या मुलीला कोण विचारतं?

तंबोरा

घरातल्या कौतुकाला आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची का? कायद्याची पोथी इथे वाचू नका. मुलं धीट कशी होतात हे मी रोज बघतो. सईच्या आईंनी एका मामाचा राग आयुष्यभर धरला, त्याला मी काय करू?

सईची आई

एका मामाचा नाही. पंगत हसली होती, परत वाचा. आणि "मी काय करू" हे शिक्षकाने म्हणावं ह्याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याकडे अशी मुलं येत असतील जी वर्गात गातात आणि घरी पाहुणे आले की दार लावून घेतात. कधी विचारलंत त्यांना का?

बेसूर गाऊन तुम्ही पुढच्या कार्याला चांगलं गायलात, कारण आजोबांच्या पंचाहत्तरीत कुणी तुम्हाला गुण दिले नव्हते. माझ्या वेळी दिले. तेवढाच फरक आहे आणि तो टीव्हीने आणला.

नऊवार

सईच्या आई, अगदी अगदी. आमच्याकडे उलटं झालं. दिराचा मुलगा खरंच एका वाहिनीच्या निवड चाचणीला गेला, पहिल्याच फेरीत बाहेर पडला. नऊ वर्षांचं पोर. दोन दिवसांत विसरलं असतं. पण पुढे दिवाळीत, भाऊबिजेला, प्रत्येक घरात तोच प्रश्न: "अरे, तुझं काय झालं रे टीव्हीचं?" तिसऱ्या घरी तो गाडीतून उतरलाच नाही. ओवाळणीचं ताट घेऊन त्याची आत्या फाटकापर्यंत आली आणि तिथेच, गाडीच्या खिडकीतून त्याला ओवाळलं. तिने एका शब्दाने विचारलं नाही. आता तो तेवढ्या एकाच आत्याकडे हट्टाने जातो.

ओटीपडवी

धागा होता अंतिम सोहळ्याचा, आलो कुठे. पण ह्या सगळ्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतंय. टीव्हीवरची स्पर्धा घरात आली की घरातल्या माणसांचीसुद्धा स्पर्धा होते. भरदुपार, ह्यावर बोला.

भरदुपार

बोलतो. मुलांना गुण देण्याबद्दल सईच्या आईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य, त्यावर वाद घालायला जागाच नाही. पण त्यातून टीव्ही बंद करा हे निघत नाही. म दिला तो मामांनी दिला. परीक्षकांच्या खुर्चीतून अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत लहान मुलांशी कसं बोलायचे ते मामांनी नीट बघितलं असतं तर तोच कार्यक्रम त्यांना चार गोष्टी शिकवून गेला असता.

आणि ओटीपडवी, एक विचारू? वडील शिडीवर होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?

ओटीपडवी

शिडी धरून उभा होतो. असा प्रश्न विचारायच्या आधी जरा विचार करायचा होतात.

भरदुपार

मग वडील एकटे नव्हते. तुम्ही होतात. तुमचा राग चुलतभावांवर आहे आणि तो रास्त आहे, पण टीव्ही नसता तर ते पत्ते कुटत बसले नसते कशावरून? माझे काका बसायचे. तेव्हा घरात टीव्हीच नव्हता.

ओटीपडवी

पत्ते माजघरात नाही, पडवीतच चालायचे. खेळता खेळता कुणीतरी उठून सुतळी पुरवायचं, डाव सोडून नारळ चढवायला हात द्यायचं. पडद्यासमोर बसलेला माणूस जाहिरात लागल्याशिवाय उठत नाही. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

तरी तुमच्या आजीच्या गोष्टीपुरतं मान्य करतो. सगळं काम उरकल्यावर, विडे फिरताना, सगळ्यांनी एकत्र बसून बघितलं तर माझी हरकत नाही. देवाच्या कामाच्या आधी नाही आणि मधे तर नाहीच.

वऱ्हाडी ठेचा

म्हणजे रात्री साडेदहानंतर. तोवर सगळा निकाल फोनवर येऊन जातो. ही परवानगी नसल्यातच जमा आहे, साहेब.

तंबोरा

सईची आई, तुमचा दुसरा प्रतिसाद वाचून मी माझ्या वर्गाचा विचार करत बसलो होतो. दार लावून घेणारी मुलं आहेत. गाणं घरच्या माणसांसमोरच व्हायला हवं हे माझं मत आजही तेच आहे. पण मुलाला आधी बाजूला घेऊन विचारायचं आणि ते नको म्हणालं तर विषय तिथेच संपवायचा, एवढं मी पालकांच्या पुढच्या बैठकीत सांगणार आहे. गुण देणाऱ्या मामांना मात्र तुम्हालाच आवरावं लागेल.

सईची आई

आवरते. पुढच्या महिन्यात नणंदेकडे वास्तुशांत आहे आणि म देणारे मामा येणार आहेत. सईला कुणी खुर्चीवर चढवलं तर मी तिला सगळ्यांसमोर उतरवून घेणार, मग कुणी मला काहीही म्हणो. तिला गायचं असेल तर ती सांगेल, तिला चांगलं बोलता येतं.