इटर्नल सनशाइन कुणी बघितलाय का? मला मागचं-पुढचंच कळंना (स्पॉयलर आहेत)

तांबडा_पांढरा:
काल रात्री जेवून इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड लावला, २००४ चा. जिम कॅरी म्हणजे तोंड वेडंवाकडं करून हसवणार असं धरून बसलेलो तर गडी पिक्चरभर मान खाली घालून. भांडण झाल्यावर केट विन्स्लेट एका कंपनीत जाऊन ह्याच्या आठवणी डोक्यातनं पुसून घेते, मग हा पण रागानं तेच करायला जातो, आयडिया लई भारी पण आठवण कुठली आणि आत्ताचं कुठलं तेच समजंना. आणि टायटल्स पंधरा-वीस मिनिटांनी येतात ते काय प्रकरण? रूममेट म्हणतोय परत बघ. बघू का नुसती हवा आहे?

कट्ट्यावरचा:
तिचे केस बघ भावा. पहिल्यांदा भेटतात तेव्हा हिरवे, चांगलं चाललेलं असतं तेव्हा लाल, बिनसायला लागल्यावर केशरी, आणि पुसून झाल्यावर निळे. सुरुवातीला तो ऑफिस बुडवून समुद्राकाठच्या माँटॉक गावाची ट्रेन पकडतो तिथं निळे आहेत, म्हणजे तू आधी शेवटच बघितलास, टायटल्सनंतर गोष्ट मागं जाते.
आणि पुसतात ते ताज्या आठवणीपासनं मागं. म्हणजे आधी भांडणं जातात आणि चांगले दिवस शेवटाला हाताला लागतात, तिथं ह्याला कळतं की आपण काय घालवतोय आणि तो झोपेतच म्हणायला लागतो एवढी एक तरी ठेवा. मग तिला घेऊन जिथं कंपनीवाले शोधणार नाहीत अशा आठवणीत लपतो, लहानपणच्या स्वयंपाकघरात टेबलाखाली. प्रेमकथा उलटी सांगायचा नाद नाही करायचा.

खरी_कॉर्नर:
त्या स्वयंपाकघरात कॅरी चार वर्षांच्या पोराएवढा दिसतो ना, ते कॉम्प्युटरवर केलेलं नाही. सेटच तसला बांधला, टेबल फ्रीज सगळं अवाढव्य, तो लांब उभा आणि ती कॅमेऱ्याजवळ. आठवणी पुसणाऱ्या डॉक्टरच्या खोलीत दोन जोएल (म्हणजे कॅरीचं पात्र) दिसतात तिथं कॅरी कॅमेऱ्यामागनं पळत जाऊन कपडे बदलून दुसरीकडं बसायचा. पुस्तकाच्या दुकानात मागच्या पुस्तकांची कव्हरं बोलता बोलता पांढरी होत जातात ते तर हमखास सुटतं, ह्यावेळी तिच्याकडं न बघता मागं बघ. गोंद्री हा दिग्दर्शक असली हातची कामं करणारा. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः तयार करून १९२० ला सैरंध्री काढला त्या कोल्हापुरातल्या माणसानं तरी ह्याला नुसती हवा म्हणू नये 😄

मिसळ_कमी_तिखट:
मला जोडी एवढी पटली नाही, तो घुमा आणि ती सारखी चिडलेली. मला मेरी लक्षात राहिली, त्या कंपनीतली रिसेप्शनवाली. डॉक्टरवर जीव जडतो आणि मग कळतं की हे आधी पण झालेलं, तिचं पण पुसलेलं. म्हणजे आठवण गेली तरी ओढ तिथंच. पुसायच्या आधी पेशंट जे बोललेले त्याच्या टेपा ती सगळ्यांच्या घरी पाठवून देते म्हणून तर शेवट होतो. ऑस्कर मिळालं ते पटकथेला, बरोबरच आहे.

तांबडा_पांढरा:
आयला केसांकडं लक्षच नव्हतं. पण शेवटी एकमेकांबद्दल काय काय बोललेलं टेपवर ऐकून पण "ओके" म्हणतात, परत तेच होणार की.

कट्ट्यावरचा:
होणारच. तो परत सांगतोय तुझ्यात न आवडण्यासारखं काही दिसत नाही, ती सांगतीय दिसेल, मला कंटाळा येईल. तरी ओके. आता हेडफोन लावून बघ, कुजबुज लई आहे त्यात.