मदत हवी आहे: पेल्टिए मॉड्यूलचा व्होल्टेज दहा मिनिटांत निम्म्यावर येतो

दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकातून वीज देणारं, १२७ अर्धवाहक जोड्यांचं, ४० बाय ४० मिमी मॉड्यूल. गरम बाजूला १२० अंशांची ॲल्युमिनियम प्लेट, थंड बाजूला पंख्याविना हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा). सुरुवातीला हीटसिंक ५० अंशांवर असतो तेव्हा उघड्या टोकांवर २.४ व्होल्ट मिळतात. दहा मिनिटांत हीटसिंक ८५ वर जातो आणि व्होल्टेज १.२ वर.

अंशाला साधारण ०.०५ व्होल्ट धरले तर ७० अंशांच्या फरकाला ३.५ यायला हवे होते. म्हणजे बराच फरक मॉड्यूलला लावलेल्या उष्णतावाहक पेस्टच्या थरांतच मुरतोय. मॉड्यूल दाबून धरणारे स्क्रू आणखी आवळावेत का? मॉड्यूलच्या सिरॅमिकला तडा जाण्याची भीती वाटते.

लोड जोडल्यावर तर (आतला रोध सुमारे २ ओहम, लोडही तेवढाच) व्होल्टेज निम्म्याहूनही खाली जातो. प्रवाह स्वतःच उष्णता थंड बाजूला ओढून नेतो, हे कारण पटतं, पण उपाय सुचत नाही.

पंखा लावला तर तोच १.५ वॉट खातो. मॉड्यूल जास्तीत जास्त पाऊण वॉट देतं. पाण्याचं भांडं थेट थंड बाजूला टेकवून कुणी मोजमापं घेतली आहेत का? आणि १ व्होल्टच्या खालीही चालू राहणारा, मॉड्यूलचा व्होल्टेज ओढून न पाडणारा बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) कोणता? प्लेट जास्त तापवायची नाही, आतलं सोल्डर १३८ अंशांना वितळतं.